अंधांचा अक्षरदाता : लुई ब्रेल

दृष्टी गेली म्हणजे विद्येचे द्वार मिटले, अशी समजूत पूर्वी सर्वत्र रूढ होती. आपल्या समाजातूनही ती अद्याप पुरती मावळलेली नाही. ही समजूत ज्याने स्वतःच्या आयुष्याने खोटी ठरविली, त्या लुई ब्रेल या फ्रेंच सत्पुरुषाचे अल्पचरित्र आम्ही यंदाच्या स्मरणिकेत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पॅरिसच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरवर कुव्रे नावाचे खेडे आहे. तेथे ४ जानेवारी १८०९ रोजी लुईचा जन्म झाला. वडील खोगिरे व घोड्यांचा साज तयार करीत. आपल्याकडील जीनगरांचा जो धंदा, तोच त्यांचा. लुई तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कामाच्या जागी खेळता खेळता चामडे टोचण्याचे अणकुचीदार हत्यार त्याच्या डोळ्यात शिरले. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यासही जडला आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास मुलगा पूर्ण अंध झाला.

असा आघात कोणत्याही घरावर होऊ शकतो. परंतु या कारागिराने मुलास कोपऱ्यात बसवून ठेवले नाही. गावच्या धर्मगुरूंनी त्यास आरंभीचे पाठ दिले, शाळेच्या गुरुजींनी डोळस मुलांच्या वर्गात बसविले, आणि केवळ श्रवणाच्या बळावर तो अभ्यासात चमकू लागला. १८१९ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, पॅरिस येथील शाही अंधशाळेत त्याचा प्रवेश झाला.

त्या शाळेत नेहमीचीच अक्षरे कागदावर उठावदार छापून ती बोटांनी वाचावयास शिकवीत. ग्रंथ जडजूड, वाचन अतिमंद, आणि स्वहस्ते लिहिण्याची तर सोयच नव्हती. १८२१ साली शार्ल बार्बिये या माजी लष्करी अधिकाऱ्याची बिंदुलिपी शाळेत आली. तिच्यात एकेका चिन्हास बारापर्यंत बिंदू असल्याने ते बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे. शिवाय ती केवळ उच्चारांची होती, शुद्धलेखनाची नव्हे. लुईने हे दोष हेरले आणि १८२४ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, सहा बिंदूंची लिपी सिद्ध केली. तीन-तीन बिंदूंच्या दोन उभ्या रांगा. त्यांतून ६३ चिन्हे निघतात व अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि संगीतही लिहिता येते. १८२९ साली या पद्धतीचे पुस्तक निघाले, तेव्हा बार्बियेचे ऋण त्याने मोकळ्या मनाने मान्य केले. ज्या जातीच्या हत्याराने डोळे गेले, तसल्याच टोकदार टोचणीने तो कागदावर अक्षरे उमटवू लागला!

पुढे त्याच शाळेत तो शिक्षक झाला. ऑर्गनवादनातही त्याचा लौकिक होता. परंतु त्याचे थोरपण दिसते ते विद्यार्थ्यांवरील मायेत. गरजूंना तो स्वतःच्या मिळकतीतून उसने देई. मृत्यूनंतर एक पेटी न उघडता जाळावी, अशी त्याची इच्छा होती. ती उघडली असता आत निघाल्या त्या ऋणकोंच्या चिठ्ठ्या! कोणाकडूनही पैसा परत घ्यावयाचा नव्हता, म्हणूनच त्या जाळावयाच्या होत्या.

लिपीचा मार्ग मात्र सुगम नव्हता. १८४० च्या सुमारास शाळेच्या प्रमुखाने तिला मज्जाव केला, तरी मुले ती चोरून वापरीत राहिली. १८४४ साली जाहीर सभेत प्रात्यक्षिक झाले आणि विरोध ओसरला. क्षयाने जर्जर झालेला लुई ६ जानेवारी १८५२ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, निवर्तला. शाळेने त्याची लिपी रीतसर स्वीकारली ती त्यानंतर दोन वर्षांनी. शंभर वर्षांनी, १९५२ साली, फ्रान्सने त्याच्या अस्थी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये राष्ट्रपुरुषांच्या सन्निध नेल्या; हात मात्र कुव्रेतच राहिले. आपल्या देशाने १९५१ साली भारती ब्रेल स्वीकारली, आणि आज मराठीही त्याच सहा बिंदूंत वाचली जाते.

आता थोडे आपल्या घरचे. सोयरिकीत बाध येईल या भयाने अंध अपत्याचे नाव कुटुंबाच्या माहितीपत्रकातून गाळणारी घरे आपल्यातही आहेत. दोष त्यांच्या मायेचा नाही, लोकलज्जेचा आहे. आणि ती लज्जा आपणच सर्वांनी निर्माण केली आहे. सहा ते अठरा वर्षांच्या अशा मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिला आहे. तो हक्क मुलापर्यंत पोहोचविणे हे घराचे व समाजाचे काम होय. कुव्रेच्या त्या कारागिराने मुलाचा हात धरून त्यास शाळेच्या दारी नेले. आपणही तेवढे करावे, अशी आमची सर्व सभासद-कुटुंबांस नम्र विनंती आहे.