बुरशीचा माग काढणारे तिरुमलाचार

नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना भुरी ठाऊक असते; पण बुरशी माणसाच्या त्वचेलाही सोडत नाही. डॉ. एम. जे. तिरुमलाचार (१९१४-१९९९) हे मुळात वनस्पतींवरील बुरशीचे अभ्यासक. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह मातीतील जिवाणूपासून १९६१ मध्ये हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळवले. त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे. पुढे तेथेच त्वचेच्या बुरशीवरील डर्मोस्टॅटिन शोधले गेले.

कर्करोगावर रेडिएशन घेतल्यावर काखेतली, जांघेतली त्वचा सोलवटून ओलसर होते. तिथे कॅन्डिडा बुरशी फोफावू शकते. आता औषधे बदलली, नियम मात्र जुनाच: आधी बुरशी ओळखायची, मग औषध. म्हणून रेडिएशनच्या जागी मनाने मलम लावू नये, डॉक्टरांना दाखवावे.