थंडीचा पाठलाग करणारा शास्त्रज्ञ : हाइके कामर्लिंग ऑनेस

वाचकहो, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आपल्या देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला हॉलंडमधील ग्रोनिंगन शहरी हाइके कामर्लिंग ऑनेस यांचा जन्म झाला. आगगाडीशी त्यांचा संबंध नव्हता; परंतु जमिनीला न टेकता धावणाऱ्या गाडीचे मूळ त्यांच्याच प्रयोगशाळेत आहे.

ग्रोनिंगन व हायडेलबर्ग येथे शिकून १८८२ साली ते लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले. वायूंना थंड करून द्रवरूप देण्याचा त्यांना ध्यास होता. त्यासाठी लागणारी उपकरणे घडविणारे कुशल हात हवेत, हे ओळखून त्यांनी प्रयोगशाळेच्या आश्रयाने कारागीर मुलांची शाळा सुरू केली. यंत्रकाम व काचकाम शिकणारी ही मुले निळे डगले घालीत. वर्षानुवर्षांच्या खटपटीनंतर १० जुलै १९०८ रोजी हेलियम द्रवरूप झाला. तापमान होते शून्याखाली २६९ अंश सेल्सिअस!

१९११ साली अशाच थंडीत पाऱ्यातून वीज सोडली असता तिला होणारा रोध एकाएकी नाहीसा झाला. मोजमापाला गिलेस होल्स्ट हे सहकारी होते. हीच अतिसंवाहकता होय. १९१३ साली ऑनेस यांना नोबेल पारितोषिक लाभले.

रोध नाही म्हणजे तार तापणार नाही. मग लहानशा वेटोळ्यातून प्रचंड चुंबक बनेल, असे त्यांना वाटले. पण चुंबकत्व वाढताच तो गुण लोपू लागला. ही इच्छा अपुरी ठेवून २१ फेब्रुवारी १९२६ रोजी ते निवर्तले.

पुढे नायोबियम व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूने ती इच्छा पुरी केली. जपानी गाडीत असे चुंबक बसविले आहेत. गाडीने वेग घेतला की मार्गाच्या भिंतींतील वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते व गाडी सुमारे १० सेंटीमीटर उचलली जाते. दुसरी वेटोळी तिला पुढून ओढतात, मागून ढकलतात. २१ एप्रिल २०१५ रोजी चाचणीत तिने ताशी ६०३ किलोमीटर वेग गाठला.

आपल्या बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वे धावायला २०२५ साल उजाडले. तेव्हा, वाचकहो, आपल्या मुलाचे मन पुस्तकापेक्षा पान्या-हातोडीत रमत असेल, तर त्याला कमी लेखू नका. लायडनचा तो हेलियम निळ्या डगल्यातील कारागिरांच्या हातांवाचून द्रवरूप झाला नसता.