टॉलस्टॉय गुरुजींची शाळा

पावसाळ्यातील एक दिवस, माझा आवडता प्राणी, म्हणीवरून गोष्ट! हे विषय शाळेत कोणाला चुकले आहेत? आणि आपल्यापैकी किती जणांनी ते निबंधाच्या पुस्तकातून उतरवले नाहीत? बँकेच्या नोकरीत माझ्या हाताखालून हजारो अर्ज गेले. चांगली शिकलेली माणसेही आपली खरी अडचण ठरावीक वाक्यांच्या आड दडवून ठेवत. स्वतःचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडायला मुलाला शिकवता येते का? एका फार मोठ्या लेखकाला हा प्रश्न पडला होता आणि त्याचे उत्तर त्याला शेतकऱ्यांच्या पोरांनी दिले.

लिओ टॉलस्टॉय म्हटले की आपल्याला 'वॉर अँड पीस' आठवते, लांब पांढरी दाढी आठवते, गांधीजींशी झालेला पत्रव्यवहार आठवतो. त्यांच्यातला शाळामास्तर मात्र सहसा आठवत नाही. 1828 साली मॉस्कोच्या दक्षिणेला, तुला शहराजवळच्या यास्नाया पोल्याना या गावी, उमराव घराण्यात त्यांचा जन्म झाला. दोन वर्षांचे होण्याआधीच आई गेली, नवव्या वर्षी वडील गेले. कझान विद्यापीठातले शिक्षण अर्धवट सोडून ते घरी परतले. पुढे सैन्यात गेले, क्रिमियाच्या युद्धात सेबास्तोपोलचा वेढा त्यांनी आतून पाहिला. त्यावरच्या लेखनाने नाव झाले. पण तिशी गाठताना त्यांना वाटू लागले, आपण लिहितो ते वाचणार कोण? आपल्याच जमिनीवर राबणाऱ्या भूदासांच्या मुलांना तर अक्षरओळखही नाही!

1859 मध्ये त्यांनी आपल्या वाड्यालगत शाळा उघडली. फी नाही, घरचा अभ्यास नाही, छडी नाही. मुलांनी वाटेल तेव्हा यावे, कंटाळा आला तर घरी जावे. 1860 मध्ये ते युरोपातल्या शाळा पाहायला निघाले. जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड असे फिरून आले आणि घोकंपट्टीला भ्यालेली मुले पाहून अधिकच अस्वस्थ झाले. 1861 मध्ये रशियातली भूदासप्रथा कायद्याने संपली. 1862 मध्ये गावाच्याच नावाने त्यांनी शिक्षणविषयक मासिक काढले आणि त्यात निबंधाच्या तासांची हकिकत लिहिली.

सुरुवातीला तेही आपल्या मास्तरांसारखेच वागले. भाकरी, घर, झाड यांचे वर्णन करा, असे त्यांनी सांगितले. मुले रडकुंडीला आली. रोज समोर दिसणाऱ्या भाकरीविषयी लिहायचे तरी काय? मग एकदा म्हणींचा संग्रह वाचता वाचता त्यांना कल्पना सुचली. एक रशियन म्हण अशी आहे, की चमच्याने भरवायचे आणि त्याच चमच्याच्या दांड्याने डोळा फोडायचा. एखाद्याला घरात आसरा द्यायचा आणि मग त्यावरून टोचून बोलायचे, हा तिचा अर्थ. यावर गोष्ट लिहा, असे त्यांनी मुलांना सांगितले. मुलांनी सरळ त्यांनाच लिहायला सांगितले!

टॉलस्टॉय खाली मान घालून लिहू लागले. पहिले पान वाचून दाखवताच मुलांनी चुका काढायला सुरुवात केली. हा म्हातारा असे बोलणार नाही, ती बाई तशी वागणार नाही. हळूहळू दोन मुले पुढे सरसावली. त्यांना टॉलस्टॉयनी लेखात सेम्का आणि फेड्का म्हटले आहे. सेम्काला डोळ्यांपुढे सगळे स्वच्छ दिसायला हवे असे. फेड्का जेमतेम अकरा वर्षांचा, पण त्याला माणसांचे मन कळे. गोष्टीतल्या एका गड्याच्या अंगात त्याने बाईमाणसाचा कोट घातला. टॉलस्टॉय आधी चक्रावले. मग त्यांच्या लक्षात आले, की त्या एका कोटाने तो माणूस, ते घर आणि तिथला कारभार सगळे उभे राहिले. संध्याकाळी सातला बसलेली मंडळी रात्री अकराला उठली. भूक कोणाला आठवली नाही.

पुढे टॉलस्टॉय काही दिवस गावाबाहेर गेले आणि लिहिलेली पाने कागदी खेळण्यांच्या नादात मुलांकडूनच नाहीशी झाली. गुरुजींचा उतरलेला चेहरा पाहून ती दोघे रात्री त्यांच्या खोलीत शिरली, दार लावून घेतले आणि रात्री उशिरापर्यंत गोष्ट पुन्हा लिहीत बसली.

या अनुभवातून टॉलस्टॉयनी शिक्षकांसाठी काही नियम काढले. विषय भरपूर द्यावेत, पण मुलांसाठी म्हणून मुद्दाम बनवलेले नकोत. जो विषय खुद्द शिक्षकाला महत्त्वाचा वाटतो तोच द्यावा. नमुना म्हणून मुलांनीच लिहिलेले वाचायला द्यावे. अक्षर, शुद्धलेखन, वहीची टापटीप यांवर त्या वेळी एक शब्दही बोलू नये. सुरुवातीला विचार निवडण्याचे, आधीचे लक्षात ठेवण्याचे, कागदावर उतरवण्याचे ओझे शिक्षकाने उचलावे आणि एकेक करून ते मुलाकडे सोपवावे. सायकल शिकवताना आपण मागचा हात हळूच सोडतो, तसेच हे.

सरकारला मात्र ही शाळा संशयास्पद वाटली. 1862 च्या जुलैत, टॉलस्टॉय परगावी असताना, पोलिसांनी घराची झडती घेतली. आक्षेपार्ह काही सापडले नाही, पण मन विटले ते विटले. त्याच वर्षी लग्न झाले, शाळा बंद पडली आणि थोरल्या कादंबरीचे काम सुरू झाले. तरी मास्तरकी सुटली नाही. 1872 मध्ये त्यांनी मुलांसाठी बाराखडीचे आणि छोट्या गोष्टींचे पुस्तक काढले. टीका झाली, तेव्हा नव्याने लिहून 1875 मध्ये पुन्हा काढले. ते रशियाभर चालले.

1910 मध्ये टॉलस्टॉय गेले. लेखातला फेड्का म्हणजे वासिली मोरोझोव्ह. मोठेपणी त्याने त्या शाळेच्या आठवणी स्वतः लिहून काढल्या. गुरुजींनी मागचा हात कधीच सोडला होता. भूदासाघरी जन्मलेल्या त्या पोराच्या हातात लेखणी मात्र टिकून राहिली.