टोकापासून टोकापर्यंत : जॉर्ज ब्रफ यांचा प्रवास

१९०६ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहरातल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने वडिलांच्या कारखान्यात तयार झालेली मोटारसायकल घेऊन ब्रिटनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्याचा घाट घातला. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेले जॉन ओ'ग्रोट्स आणि कॉर्नवॉलच्या नैर्ऋत्य टोकाला असलेले लँड्स एंड या दोन ठिकाणांमधले अंतर सुमारे १४०० किलोमीटर. ऑटो सायकल क्लबने याच मार्गावर लांब पल्ल्याची चाचणी आयोजित केली होती. मुलाच्या हाती होती साडेतीन अश्वशक्तीची, एका सिलिंडरची मोटारसायकल. तिने वाटेत जवळजवळ असहकारच पुकारला. पायडल मारत, चढावर ढकलत, बिघडली की दुरुस्त करत त्याने आठवड्याहून अधिक काळ रस्त्यावर काढला. स्पर्धेच्या दृष्टीने त्या खटाटोपाला काहीही अर्थ उरला नव्हता. शिवाय जी मोटारसायकल रस्त्यात हरली, तिच्या टाकीवर त्याच्याच घराण्याचे नाव होते.

त्या मुलाचे नाव जॉर्ज ब्रफ. पुढे याच मुलाने जगातील सर्वांत नावाजलेल्या मोटारसायकलींपैकी एक घडवली. वेगाच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र त्यांच्या कर्तृत्वाचे मूळ वेगात नसून लांब पल्ल्याच्या त्या पहिल्या, फसलेल्या प्रवासात आहे.

जॉर्ज यांचा जन्म २१ एप्रिल १८९० रोजी नॉटिंगहॅमच्या बासफोर्ड भागात झाला. वडील विल्यम ब्रफ हे मोटारसायकल घडवणाऱ्या पहिल्या पिढीतले कारागीर. थोरला भाऊ विल्यम आणि जॉर्ज हे दोघेही वडिलांच्या हाताखाली तयार झाले. तेलाचा वास, लोखंडाचा कीस आणि इंजिनचा आवाज यांतच त्यांचे बालपण गेले.

त्या काळची मोटारसायकल म्हणजे इंजिन बसवलेली दणकट सायकलच. बहुतेक गाड्यांना क्लच नव्हता आणि गिअरही नव्हते. इंजिनची ताकद मागच्या चाकापर्यंत पोहोचायची ती पट्ट्याने. पाऊस पडला की हा पट्टा घसरे, ऊन आणि ताण यांनी सैल होई, कधी तुटेही. इंजिनला तेल मिळावे म्हणून चालकाला दर काही मैलांवर हातपंप दाबावा लागे; विसरला तर इंजिन जाम, अधिक दाबले तर स्पार्क प्लग काळवंडून बंद. रात्री उजेडासाठी कार्बाइडचा दिवा. चढ आला आणि इंजिन दमू लागले की पायडल मारून त्याला हातभार लावायचा, तेही पुरेना झाले तर खाली उतरून गाडीबरोबर धावायचे. अशा यंत्रावर शेकडो मैल जाणे ही चालकाची आणि यंत्राची सारखीच कसोटी होती.

ही कसोटी घेण्यासाठीच इंग्लंडमध्ये 'ट्रायल' नावाचा प्रकार रुजला. तिला शर्यत म्हणणे चुकीचे ठरेल. १९०३ च्या कायद्याने ब्रिटनमधील सार्वजनिक रस्त्यांवर ताशी २० मैलांची, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरची वेगमर्यादा घातली होती. त्यामुळे कोण पुढे गेला याला महत्त्व नव्हते. कोण ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी पोहोचला याला होते. उशीर झाला तर गुण कापले जात, आणि फार लवकर पोहोचणे हाही दोषच मानला जाई. वाटेतल्या निवडक चढांवर निरीक्षक उभे असत. तिथे पाय जमिनीला टेकला किंवा गाडी थांबली की गुण गेले. १९०१ साली स्थापन झालेल्या मोटार सायकलिंग क्लबने १९०४ पासून लंडन ते एडिंबरा ही चाचणी सुरू केली. सुमारे ६४० किलोमीटरचे अंतर, मुदत चोवीस तासांची, आणि त्यातली अख्खी रात्र खोगिरावर. पुढे लंडन ते लँड्स एंड आणि लंडन ते एक्झीटर या चाचण्यांचीही तिला जोड मिळाली.

अशा चाचणीत नव्याने उतरणाऱ्याला सर्वांत आधी धीर शिकावा लागे. घड्याळ आणि मार्गाची नोंद डोळ्यांसमोर, सुटा पट्टा, प्लग, ट्यूब आणि हत्यारे पाठीशी, आणि यंत्राचा बदललेला सूर ओळखणारा कान. वेग मारून वाचवलेली पाच मिनिटे पुढच्या पंक्चरमध्ये निघून जात. उलट यंत्राला न ताणता, मैलामागून मैल एकाच लयीत कापणारा चालक पहाटे थंडीने गारठलेला असला, तरी वेळेवर मुक्कामी पोहोचे.

सोळाव्या वर्षी झालेली फजिती एखाद्याला या वाटेपासून कायमची दूर नेऊ शकली असती. जॉर्ज मात्र पुन्हा पुन्हा या चाचण्यांत उतरत राहिले. अनुभव वाढला, वडिलांच्या गाड्याही सुधारल्या. १९१०, १९११ आणि १९१२ अशी लागोपाठ तीन वर्षे त्यांनी लंडन–एडिंबरा चाचणीत विजय मिळवला. पहिल्या अपयशापासून या यशापर्यंत चार वर्षे लागली होती. १९१३ साली ते आइल ऑफ मॅनच्या प्रसिद्ध टीटी शर्यतीतही उतरले, पण इंजिन बिघडल्याने ती पूर्ण करू शकले नाहीत. लांबच्या रस्त्याने दिलेला धडा शर्यतीच्या मैदानानेही पुन्हा गिरवून घेतला : गाडी शेवटपर्यंत टिकली नाही, तर तिच्या वेगाची किंमत शून्य.

या अनुभवातूनच बापलेकांच्या वाटा वेगळ्या झाल्या. विल्यम ब्रफ यांचा विश्वास आडव्या बसवलेल्या जुळ्या सिलिंडरांच्या इंजिनावर होता. ते शांत चाले, थरथर कमी करी. जॉर्ज यांना हवी होती मोठी, ताकदवान व्ही-ट्विन गाडी. जवळजवळ १००० सीसीचे असे इंजिन कमी फेऱ्यांवरही ओढ देते. त्यामुळे लहान इंजिन जिथे जीव तोडून धडपडते, तिथे मोठे इंजिन निवांत चढते. ताकद राखीव असेल तर यंत्र झिजत नाही आणि चालकही थकत नाही. चढावर गाडी ढकललेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. अर्थात मोठ्या गाडीचे वजनही मोठे. चिखलात किंवा सुट्या दगडांत ती आडवी झाली की उचलणे जिकिरीचे होई. म्हणून तिचा तोल, पुढच्या चाकाची पकड आणि हँडलची हुकमत यांवर ब्रफ यांचा पुढे सदैव भर राहिला.

पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये त्यांनी वडिलांपासून वेगळे होऊन स्वतःचे काम सुरू केले. नॉटिंगहॅमच्या हेडन रोडवर कारखाना उभा राहिला. नव्या गाडीला त्यांनी नाव दिले 'ब्रफ सुपीरियर'. सुपीरियर म्हणजे वरचढ. एकाच शहरात, एकाच आडनावाने गाड्या बनवणाऱ्या वडिलांच्या मनाला ते नाव लागणे स्वाभाविक होते. आपली गाडी आता कमअस्सल ठरली म्हणायची, असा खोचक शेरा त्यांनी मारल्याचे सांगतात. वडिलांनी आपल्या पद्धतीच्या गाड्या पुढेही काही वर्षे बनवल्या, पण १९२० च्या दशकातच तो कारखाना बंद झाला. मुलाचे नाव मोठे होत असताना बापाचे नाव बाजारातून पुसले गेले. ज्या कारखान्याने जॉर्जना हत्यार धरायला शिकवले, ज्याच्या गाडीवर बसून ते पहिल्यांदा हरले आणि पहिल्यांदा जिंकले, त्याची ही अखेर त्यांच्या यशोगाथेला लागलेली हुरहूर आहे.

ब्रफ सुपीरियरचे इंजिन ब्रफ स्वतः बनवत नसत. इंजिन जेएपी कंपनीचे, गिअरबॉक्स स्टर्मी-आर्चरची. निरनिराळ्या कारखान्यांतून उत्तम ते निवडून, स्वतःच्या मनाप्रमाणे बदल करून घेऊन गाडी जुळवायची, ही त्यांची रीत. यावर टीका करणारेही होते. पण कोणता भाग रस्त्यात दगा देतो आणि कोणता देत नाही, हे ज्ञान कोणत्याही सुट्या भागाबरोबर विकत मिळत नव्हते. ते ब्रफ यांनी रस्त्यावर मिळवले होते. त्यांच्याबरोबर काम करणारे हॅरोल्ड कार्सलेक हेही लांब पल्ल्याच्या चाचण्यांतले मुरलेले चालक. स्वतः बांधलेल्या 'ड्रेडनॉट' नावाच्या मोटारसायकलीने त्यांनी लौकिक मिळवला होता. या दोघांनी मिळून 'कॅसल' या नावाने ओळखला जाणारा पुढच्या चाकाचा फोर्क तयार केला. वेगातही हँडल स्थिर ठेवणारा हा फोर्क ब्रफ सुपीरियरची ओळख बनला.

पुढची वर्षे वैभवाची होती. १९२२ मध्ये ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ब्रफ यांनी ताशी १०० मैलांच्या वेगाने फेरी मारली. त्यानंतरच्या काळात उतरलेल्या ५२ शर्यतींपैकी ५१ त्यांनी जिंकल्या. बावन्नाव्या वेळी पुढचा टायर फुटला, ब्रफ खाली पडले आणि गाडी चालकाविनाच अंतिम रेषा ओलांडून गेली. याच दशकात 'एसएस ८०' आणि १९२४ च्या अखेरीस 'एसएस १००' ही मॉडेल्स आली. नावातला आकडा म्हणजे ताशी मैलांतला वेग. प्रत्येक गाडी ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी तो वेग गाठून दाखवत असल्याची लेखी हमी ब्रफ देत. १९२५ च्या सुमारास एसएस १०० ची किंमत १७० पौंड होती, म्हणजे तिथल्या सामान्य कामगाराच्या जवळपास वर्षभराच्या कमाईइतकी. एका मोटारसायकल साप्ताहिकाने या गाडीची तुलना रोल्स-रॉइसशी केली. ब्रफ हे जात्याच प्रदर्शनपटू, त्यामुळे ही उपमा त्यांनी जाहिरातीत आयुष्यभर मिरवली.

तरीही चाचण्यांची वाट त्यांनी सोडली नाही. १९२५ मध्ये ते एसएस १०० घेऊन ऑस्ट्रियातील आल्प्स पर्वताच्या चाचणीत उतरले. उंच घाट, कच्चे रस्ते आणि सलग अनेक दिवसांची दौड यांतून मोठी गाडी यशस्वीपणे बाहेर पडली. त्या अनुभवावर आधारलेल्या नव्या मॉडेलला त्यांनी 'अल्पाइन ग्रँड स्पोर्ट्स' असे नाव दिले. वाऱ्यापासून बचाव करणारी काच आणि सामानाच्या पिशव्या अशी लांबच्या प्रवासाची सोय त्या गाडीत होती. १९०६ मध्ये जे जे कमी पडले होते, ते ते या गाडीत आले होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

या गाडीच्या सर्वांत प्रसिद्ध चाहत्याची कहाणी मात्र दुःखद आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स यांच्याकडे एकामागून एक अशा सात ब्रफ सुपीरियर होत्या. आठवीची मागणीही त्यांनी नोंदवली होती. १३ मे १९३५ रोजी डॉर्सेटमधील आपल्या घराजवळ, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना त्यांचा तोल गेला. डोक्याला जबर मार लागला आणि १९ मे रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यचिकित्सक होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा चिकाटीने अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करातील संदेशवाहक मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले, त्यामागे या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. आज आपण घराबाहेर पडताना डोक्यावर जे शिरस्त्राण चढवतो, त्याच्या इतिहासात त्या अपघाताचेही पान आहे.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि १९४० मध्ये ब्रफ सुपीरियरचे उत्पादन थांबले. कारखाना विमानांच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनाचे अचूक मापाचे भाग बनवू लागला. दोन दशकांत तिथून जेमतेम तीन हजारांच्या आसपास मोटारसायकली बाहेर पडल्या होत्या. युद्धानंतर ब्रफ यांच्या पसंतीला उतरेल असे इंजिन मिळेना. कमी प्रतीचे इंजिन बसवून जुन्या नावावर गाडी विकणे त्यांना सहज जमले असते. ते त्यांनी केले नाही. मोटारसायकल बनवणेच थांबवले. वरचढ असे नाव ठेवणाऱ्याने त्या नावाशी अखेरपर्यंत इमान राखले. १९७० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षात त्यांचे निधन झाले.

एडिंबरा, लँड्स एंड आणि एक्झीटर या तिन्ही नावांच्या चाचण्या आजही होतात. लँड्स एंड चाचणीतला 'बेगर्स रूस्ट' नावाचा उभा चढ शंभर वर्षांपूर्वी जसा स्वारांची परीक्षा पाहत होता, तशीच आजही पाहतो. मोठी गाडी घेऊन पहिल्यांदाच लांबच्या वाटेला लागणारे तरुण आता आपल्याकडेही पुष्कळ दिसतात. त्यांची गाडी ब्रफ यांच्या पहिल्या गाडीपेक्षा कितीतरी पटींनी ताकदवान आहे, पट्टा तुटण्याची आणि तेलाचा पंप दाबण्याची चिंता तर उरलेलीच नाही. तरी थकवा, अंधार, पाऊस आणि अनोळखी वळण ही मंडळी तिथेच उभी आहेत. त्यांच्याशी गाठ पडेल तेव्हा, गाडी ढकलत स्वतःच्या देशाचे दुसरे टोक गाठायला निघालेला तो सोळा वर्षांचा मुलगा आठवावा. त्याने पुढे जगाला ताशी शंभर मैलांची हमी दिली, पण ती देण्याचा अधिकार त्याने कमावला तो त्या आठवड्यात, पायी चालण्याच्या गतीने.