फुरा बे कॉलेजचा पहिला विद्यार्थी : बिशप सॅम्युअल अजायी क्राउथर

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सिएरा लिओन नावाचा एक छोटा देश आहे. फ्रीटाउन ही त्याची राजधानी. १८२७ साली या शहराच्या पूर्वेला, फुरा बे या ठिकाणी, चर्च मिशनरी सोसायटीने एक ख्रिस्ती विद्यालय सुरू केलं. आफ्रिकेतच आफ्रिकन शिक्षक आणि धर्मगुरू तयार करायचे हा त्यामागचा हेतू. सुरुवातीला विद्यार्थी किती? फक्त सहा. त्या यादीतलं पहिलं नाव होतं सॅम्युअल क्राउथर. पाच वर्षांपूर्वी हाच मुलगा साखळदंडात, गुलामांच्या जहाजावर होता.

पुढे या विद्यालयातून विद्यापीठाच्या पदव्या मिळू लागल्या, आणि हा विद्यार्थी अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकन बिशप झाला. एवढं चर्चच्या इतिहासाच्या पुस्तकांत मिळतं. पण त्यांच्या आयुष्याची शेवटची दीड-दोन वर्षं बऱ्याच ठिकाणी एका वाक्यात उरकली जातात. मला वाटतं, आफ्रिकेत सेमिनरी कशासाठी काढली होती या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच दडलेलं आहे. म्हणून सुरुवातीपासून सांगते.

अजायीचा जन्म १८०९ च्या सुमारास योरूबा लोकांच्या ओसोगुन या गावी झाला. हा भाग आजच्या नायजेरियात येतो. त्या काळात योरूबा राज्यांमध्ये सारखी युद्धं चालू होती आणि पकडलेली माणसं विकली जात होती. १८२१ मध्ये ओसोगुनवर हल्ला झाला. अजायी, त्याची आई आणि बहिणी सगळे पकडले गेले आणि एकमेकांपासून तोडले गेले. अजायीचं वय बारा-तेरा. त्याला कधी एका घोड्याच्या बदल्यात दिलं गेलं, तर घोडा पसंत पडला नाही म्हणून परत केलं गेलं. कधी तंबाखू आणि दारूच्या बदल्यात विकलं गेलं. असं हातोहात फिरत तो लागोसच्या बंदरावर पोर्तुगीज व्यापाऱ्यांकडे आला.

जहाजाचं नाव होतं एस्पेरान्सा फेलिक्स. पोर्तुगीज शब्द घरात ऐकून वाढलेल्या आपल्या गोव्यातल्या वाचकांना याचा अर्थ सांगायला नको. सुखाची आशा! त्या जहाजाच्या पोटात दीडशेहून जास्त माणसं कोंबलेली होती. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार कायद्याने बंद केला होता आणि त्यांची लढाऊ जहाजं या किनाऱ्यावर गस्त घालत. ७ एप्रिल १८२२ रोजी मर्मिडन या जहाजाने एस्पेरान्सा फेलिक्सला पकडलं. अशा सुटलेल्या माणसांना परत गावी सोडणं शक्य नव्हतं, कारण वाटेत ती पुन्हा विकली गेली असती. त्यांना फ्रीटाउनला उतरवत. अजायीही तिथेच उतरला.

फ्रीटाउनजवळच्या बाथर्स्ट गावात मिशनऱ्यांची शाळा होती. तिथे तो वाचायला शिकला, सुतारकामही शिकला. सहा महिन्यांत तो नवा करार वाचू लागला असं सांगतात. ११ डिसेंबर १८२५ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. लंडनच्या एका पाळकाच्या नावावरून त्याने सॅम्युअल क्राउथर हे नाव घेतलं. दुसऱ्या वर्षी तो काही महिने इंग्लंडमध्ये शिकून परत आला आणि फुरा बेच्या विद्यालयात दाखल झाला.

आता थोडं या विद्यालयाबद्दल, कारण त्याची गोष्ट साधी नाही. सिएरा लिओनला त्या वेळी गोऱ्या माणसाची कबर म्हणत. युरोपातून आलेले मिशनरी मलेरिया आणि पिवळ्या तापाने एकामागून एक मरत. दर वर्षी नवीन माणसं पाठवायची आणि दर वर्षी पुरायची, हे किती दिवस चालणार? म्हणजे आफ्रिकन धर्मगुरू तयार करण्याची कल्पना नुसत्या मोठ्या मनातून आली असं नाही, त्यामागे गरजही होती. पण गरजेतून निघालेल्या या जागेत जे जमलं ते विलक्षण होतं. फ्रीटाउनमध्ये सुटलेले गुलाम आफ्रिकेच्या कानाकोपऱ्यातले होते. कॉलेजात शिकवणाऱ्या कोएले नावाच्या जर्मन मिशनऱ्याने या लोकांना विचारून विचारून शंभराहून जास्त आफ्रिकन भाषांचे शब्द गोळा केले आणि १८५४ मध्ये त्यांचा ग्रंथ छापला. भाषा शिकणाऱ्यांसाठी हे एक शहर म्हणजे अख्खा खंडच होता.

पहिले प्राचार्य हेन्सेल जर्मन होते. १८४१ पासून प्राचार्य झाले एडवर्ड जोन्स. हे अमेरिकेतल्या चार्ल्स्टनचे, कृष्णवर्णीय, आणि पदवीधर. त्यांच्या काळात १८४५ मध्ये कॉलेजच्या नव्या दगडी इमारतीची पायाभरणी झाली. या इमारतीच्या छतासाठी जे लाकूड वापरलं, त्यात जप्त केलेल्या गुलामवाहू जहाजांच्या डोलकाठ्या होत्या. ज्या लाकडाखाली माणसं बांधून नेली जात, त्याच लाकडाखाली बसून त्यांची मुलं ग्रीक आणि लॅटिन शिकू लागली.

क्राउथर इथे आधी विद्यार्थी होते, पुढे १८३४ पासून शिक्षक झाले. मधल्या काळात त्यांनी सुसानशी लग्न केलं. तिचं मूळ नाव असानो. तीही गुलामगिरीतून सुटलेली आणि शाळेत शिकवणारी.

१८४१ मध्ये नायजर नदीतून एक मोठी ब्रिटिश मोहीम निघाली. क्राउथर आणि शोन नावाचे जर्मन मिशनरी तिच्यात होते. मोहीम पार फसली. मलेरियाने चाळीसहून जास्त युरोपियन मेले. शोन यांनी सोसायटीला स्पष्ट कळवलं की आफ्रिकेच्या आतल्या भागात काम करायचं असेल तर ते आफ्रिकन माणसांनीच करायला हवं, आणि क्राउथर यांना धर्मगुरू करावं. १८४३ मध्ये लंडनमध्ये त्यांना दीक्षा मिळाली. फ्रीटाउनला परतल्यावर त्यांनी योरूबा भाषेत उपासना चालवली. ऐकायला आलेल्या कित्येकांना देवाच्या घरात आपली भाषा पहिल्यांदाच ऐकू आली असणार.

मग ते योरूबा मुलखात परतले. १८४६ मध्ये अबेओकुटा शहरात त्यांची आई आणि बहीण भेटली. ताटातूट होऊन पंचवीस वर्षं झाली होती. मुलगा गावातून गळ्यात दोर घालून नेला होता, तो पाळकाच्या झग्यात परत आला. आई अफालाचा बाप्तिस्मा १८४८ मध्ये झाला. तिचं नाव ठेवलं हन्ना. बायबलमधल्या शमुवेलच्या आईचं नाव!

क्राउथर यांचं सगळ्यात टिकाऊ काम म्हणजे भाषेचं. योरूबा ही सुरांची भाषा आहे. सूर वर गेला की खाली आला यावर शब्दाचा अर्थ बदलतो. तिला रोमन लिपीत बसवणं, व्याकरण आणि शब्दसंग्रह तयार करणं हे त्यांनी केलं. बायबलचं भाषांतर करताना ते नुसते शब्दाला शब्द ठेवत नसत. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं, म्हणी, देवधर्माचे जुने शब्द ते कान देऊन ऐकत आणि टिपून ठेवत. त्यांच्या नेतृत्वाखाली १८८० च्या दशकात संपूर्ण योरूबा बायबल पुरं झालं. आजची लिखित योरूबा मोठ्या प्रमाणात त्या पायावर उभी आहे. इग्बो आणि नुपे भाषांसाठीही त्यांनी काम केलं. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्सनी सासष्टीत राहून ख्रिस्तपुराण मराठीत रचलं, हे आपल्याला माहीत आहे. फरक एवढाच की स्टीफन्स बाहेरून आले होते, आणि क्राउथर स्वतःच्या आईच्या भाषेत लिहीत होते.

सोसायटीचे लंडनमधले सचिव हेन्री व्हेन यांचं एक ठाम मत होतं. स्थानिक चर्चने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा, आणि प्रसारही स्वतःच करावा. मिशनरी हा बांधकामाच्या परातीसारखा, इमारत झाली की काढून घ्यायचा. व्हेन यांच्या आग्रहाने २९ जून १८६४ रोजी, म्हणजे संत पेत्राच्या सणाला, कँटरबरी कॅथीड्रलमध्ये क्राउथर बिशप झाले. त्यांना सोडवणाऱ्या मर्मिडन जहाजाचे कप्तान लीक तेव्हा हजर होते. ऑक्सफर्डने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

पण इथेच पहिली गाठ बसली. त्यांना क्षेत्र दिलं ते ब्रिटिश सत्तेच्या हद्दीबाहेरचं. योरूबा भागात काम करणाऱ्या गोऱ्या मिशनऱ्यांना, विशेषतः टाउनसेंड यांना, आफ्रिकन बिशपच्या हाताखाली राहायचं नव्हतं. म्हणून ज्या अबेओकुटात क्राउथर यांची आई भेटली, तिथल्या मिशनवर त्यांचा अधिकार नव्हता. योरूबा माणसाला योरूबा लोक सोडून नायजर नदीच्या काठी पाठवलं गेलं.

त्यांनी तक्रार न करता काम सुरू केलं. ओनित्शा, लोकोजा, बॉनी अशा ठिकाणी चर्च आणि शाळा काढल्या. त्यांचे सगळे सहकारी आफ्रिकन होते आणि त्यांतले बरेच सिएरा लिओनहून आलेले. फुरा बेमध्ये शिकलेले जॉन ख्रिस्तोफर टेलर यांनी १८५७ पासून ओनित्शात इग्बो लोकांमध्ये मिशन उभं केलं. तिकडे कॉलेजही मोठं होत होतं. १८७६ मध्ये ते इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठाला जोडलं गेलं. आता फ्रीटाउनमध्ये बसून विद्यापीठाची पदवी मिळू लागली.

हे खरं आहे की नायजर मिशनमध्ये चुका होत होत्या. प्रदेश अफाट, माणसं कमी. सिएरा लिओनहून आलेल्या अनेकांना तिथल्या भाषा येत नव्हत्या, आणि काही जणांचं वागणं चांगलं नव्हतं. बिशप स्वभावाने मऊ, माणसांवर विश्वास टाकणारे. पण १८८० नंतर आलेल्या तरुण इंग्रज मिशनऱ्यांनी या चुकांमधून काढलेला अर्थ वेगळाच होता. मलेरियावर क्विनीन मिळालं होतं, साम्राज्य पसरत होतं, व्हेन १८७३ मध्येच वारले होते. आता आफ्रिकन नेतृत्वाची गरज कुणाला वाटत नव्हती. १८९० च्या ऑगस्टमध्ये ओनित्शाला समितीची बैठक झाली. विशी-तिशीतल्या गोऱ्या सदस्यांनी ऐंशीच्या घरातल्या बिशपसमोर त्यांच्या सहकाऱ्यांवर आरोप केले आणि त्यांना काढून टाकलं. बिशपचा शब्द चालला नाही. त्यांनी समितीचा राजीनामा दिला. पुढे त्यांना झटका आला आणि ३१ डिसेंबर १८९१ रोजी लागोसला त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या जागी इंग्रज बिशप नेमला गेला.

आपल्याला हे अगदीच परकं वाटू नये. दिवाडीचे मातेउस द कास्त्रो १६३७ मध्ये रोममध्ये बिशप झाले, पण गोव्यातल्या पोर्तुगीज सत्तेने त्यांना कधी मनापासून मानलं नाही. सेमिनरीत शिकवायचं, पण मोठी खुर्ची द्यायची नाही, हा प्रकार आपल्या मातीतही झाला आहे.

आणि महाराष्ट्राशी तर या गोष्टीचा सरळ धागा जुळतो. हीच चर्च मिशनरी सोसायटी नाशिकजवळ शरणपूरला काम करत होती. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांतून सुटलेली आफ्रिकन मुलं तिथे आणली जात, शिकवली जात. लिव्हिंगस्टन यांचं शव आफ्रिकेतून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांमधला जेकब वेनराइट शरणपूरचा विद्यार्थी. १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन वसलं, तिथेही नाशिकला शिकलेली माणसं शिक्षक आणि प्रचारक म्हणून गेली.

क्राउथर यांच्यानंतर काय झालं? सगळं संपलं असं नाही. त्यांचे पुत्र डँडेसन यांनी १८९२ मध्ये नायजर डेल्टामधली मंडळी सोसायटीपासून वेगळी करून स्वतःच्या बळावर चालवली. लागोसमध्ये आफ्रिकन लोकांनी स्वतंत्र चर्च काढलं. त्यांचे नातू हर्बर्ट मॅकॉले नायजेरियाच्या राष्ट्रीय चळवळीचे आद्य नेते झाले. फुरा बे कॉलेज आज सिएरा लिओन विद्यापीठाचा भाग आहे. २००५ मध्ये नायजेरियातल्या ओयो शहरात अँग्लिकन चर्चने विद्यापीठ सुरू केलं, त्याला नाव दिलं अजायी क्राउथर विद्यापीठ. आणि २०१४ मध्ये, दीडशे वर्षांनंतर, त्याच कँटरबरी कॅथीड्रलमध्ये आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी क्राउथर यांच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल चर्चच्या वतीने पश्चात्ताप व्यक्त केला.

मी कॅथलिक, ते अँग्लिकन. पण प्रश्न दोघांचाही एकच आहे. माणसाला शिकवायचं ते आपल्या हाताखाली काम करायला, की आपल्या जागी उभं राहायला? फुरा बेची स्थापना करणाऱ्यांनी पहिल्या पिढीत दुसरं उत्तर दिलं होतं, आणि त्यांच्या वारसांना ते पेललं नाही. क्राउथर यांच्याकडून अधिकार काढून घेता आले, पण त्यांनी घडवलेली लिखित योरूबा कुणाला काढून घेता आली नाही. लागोस, इबादान, अबेओकुटाच्या चर्चमध्ये रविवारी आजही ती वाचली जाते.