नववी पिढी : नारायण महाराज देहूकर

देहूच्या मोरे घराण्याची वंशावळ जुन्या वारकऱ्यांना तोंडपाठ असते. विश्वंभरबाबा, त्यांचे हरी, हरीचे विठ्ठल, मग पदाजी, शंकर, कान्होबा, बोल्होबा आणि आठवे आपले तुकोबाराय. नववे नारायण महाराज. आपण ज्या पालखीमागं चालतो ती त्यांनी सुरू केली, म्हणून दिंडीच्या शंभराव्या वर्षी त्यांचं चरित्र आम्ही या स्मरणिकेत घेतलं आहे.

नावं अशी ओळीनं म्हटली की वाटतं, वंश आपसूक चालला. तसं नव्हतं. परंपरा सांगते, विश्वंभरबाबांचे हरी आणि मुकुंद हे दोघे लेक लष्करात गेले आणि लढाईत पडले. मुकुंदाची बायको सती गेली. हरीची बायको पोटुशी होती. सासू आमाईनं तिला सांभाळलं, बाळंतपणाला माहेरी धाडलं, तेव्हा विठ्ठल जन्मले. वंशावळीत बायकांची नावं लिहायची चाल नव्हती. पण या दोघींनी धीर सोडला असता तर पुढची नावं आलीच नसती.

तुकोबांच्या वेळी पुन्हा तोच प्रसंग. शके १५७१, फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे १६५० साली, तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा जिजाई गरोदर होत्या. महादेव आणि विठोबा हे थोरले. नारायण वडलांच्या माघारी जन्मले. बापाचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. बाप भेटला तो आईच्या आठवणीत आणि गावच्या कीर्तनात.

वारी तर घरात विश्वंभरबाबांपासून होतीच. १६८५ साली, पस्तिशीच्या सुमारास, नारायण महाराजांनी तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या. तिथून थेट पंढरीची वाट न धरता ते आधी आळंदीला गेले आणि ज्ञानोबारायांच्या पादुकाही त्याच पालखीत घेतल्या. आम्हाला यातली हीच गोष्ट मोठी वाटते. ज्ञानोबारायांना लेक नाही, नातू नाही. चौघाही भावंडांचा वंश तिथंच थांबला. त्यांच्या पादुका दुसऱ्या घरच्या लेकानं उचलल्या, आणि तोही बाप न पाहिलेला लेक. परंपरेनं ज्ञानोबा-तुकाराम या जोडगजराचं श्रेयही त्यांनाच दिलं आहे.

दोन्ही संतांची अशी एकत्र पालखी पुढं शंभराहून अधिक वर्षं चालली. एकोणिसाव्या शतकात आरफळच्या हैबतबाबांनी माउलींची पालखी आळंदीहून वेगळी काढली. देहूची पालखी मोरे घराण्याकडंच राहिली.