हवेचे परीक्षक जॉन स्कॉट हाल्डेन

इ. स. १८६० मध्ये स्कॉटलंडातील एडिंबरो नगरीत हाल्डेन यांचा जन्म झाला. ते वैद्यकीचे पदवीधर. परंतु दवाखाना न थाटता मनुष्य जी हवा श्वासावाटे घेतो तिच्या परीक्षणास त्यांनी आयुष्य वाहिले. गटारे, शाळा, गरिबांच्या कोंदट खोल्या, सर्वत्र ते स्वतः जात.

१८९६ च्या जानेवारीत वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ५७ जण दगावले. प्रेते तपासता हाल्डेन यांस आढळले की, बहुतेकांचा प्राण स्फोटाच्या आघाताने नव्हे, तर मागाहून पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइड वायूने घेतला होता. यास रंग नाही, वास नाही. रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावतो. प्रथम डोके दुखते, गुंगी येते, आणि पुढे उठून दार उघडण्याचेही त्राण राहत नाही. हाल्डेन यांस ही लक्षणे अनुभवाने ठाऊक होती. तत्पूर्वीच तो वायू स्वतः हुंगून, सुमारे निम्मे रक्त त्याने व्यापेपर्यंत ते टिपणे करीत बसले होते! (आमच्या विद्यार्थ्यांनी हे अनुकरण कदापि करू नये.)

लहान प्राण्याचा श्वास जलद, म्हणून तो मनुष्याच्या पुष्कळ आधी कोलमडतो, हे पाहून खाणीत उंदीर किंवा पक्षी न्यावा असे त्यांनी सुचविले. ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत या चाकरीवर होता.

आता ही चाकरी एक लहानसे विद्युत यंत्र करते, आणि आमच्या मुळशीच्या पालकांनी त्याचा विचार करावा असे आम्हांस वाटते. पावसाळ्यात येथे दिवसचे दिवस दारे-खिडक्या बंद असतात. अशा खोलीत पेटती शेगडी घेऊन निजणे, किंवा झरोका नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा बंब लावणे, म्हणजे त्या खाणीतली हवा घरात आणणे होय. धूर ओळखणारे यंत्र निराळे. घेताना कार्बन मोनॉक्साइडचेच आहे ना, व त्यावरील मुदत किती, हे पाहावे. खाणकामगार पिंजरा आपल्याजवळ बाळगी, तद्वत यंत्र निजण्याच्या खोलीत वा तिच्या दाराशी असावे. हा वायू हवेत मिसळून सर्वत्र पसरतो. म्हणून ते निजणाऱ्याच्या नाकाच्या उंचीस भिंतीवर लावले तरी चालते. पडद्याआड, खिडकीच्या झुळुकीत अथवा चुलीच्या अगदी वर मात्र नको. दरमहा कळ दाबून आवाज पाहावा, आणि ते वाजताच सर्वांनी बाहेर पडावे. यंत्र असले तरी शेगडी बाहेरच!

सत्तरी उलटल्यावरही हाल्डेन तेलाच्या कारखान्यांतील उष्माघाताच्या चौकशीस इराण-इराककडे गेले. तेथून परतल्यावर १९३६ च्या मार्चमध्ये ऑक्सफर्ड येथे ते निवर्तले. लहानपणी त्यांच्याबरोबर खाणीत उतरणारे त्यांचे पुत्र जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये आपल्या देशात येऊन राहिले व १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले.